हाताचे माप

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा हा आमच्या घरचा जुना नेम आहे. झाडताना काहीही टाकून द्यायचे नाही, हा त्याहून जुना. तुटक्या कानाची कढई, बिनझाकणाचे डबे, कोणे काळचा आकाशकंदिलाचा सांगाडा हे सारे खाली येते, फडक्याने पुसले जाते आणि "असू दे, लागेल केव्हातरी" एवढे ऐकून पुन्हा वर चढते. गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी हाच सोहळा चालला असताना बिस्किटांचा एक चपटा डबा माझ्या हाती आला. आत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा चष्मा, दोन टाक आणि आगपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक चौकट होती. चौकटीला मागे टाचणी आणि पुढे चार-पाच लहान खिडक्या. एका खिडकीला काहीच नव्हते, बाकीच्यांवर वेगवेगळ्या धातूंचे पातळ पत्रे बसवलेले होते.

नात शेजारीच बसून पणत्या पाण्यात बुडवत होती. तिने ओल्या हातानेच ती चौकट उचलली. "आजी, हा फिल्मचा बिल्ला! कुठं मिळाला तुला?"

मला नवल वाटले. आमच्या घरात ही वस्तू ओळखणारे माणूस आता मीच एकटी उरले आहे अशी माझी समजूत होती. मग आठवले की ही पोर पुण्याला जे संशोधन करते ते क्ष-किरणांशीच कसलेसे निगडित आहे. तीन वर्षे ती मला ते सांगत होती आणि तीन वर्षे मी मान डोलावत होते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आहे. न समजता मान डोलावणारी मुले मी कितीतरी पाहिली होती, त्यामुळे ती कला मला चांगली अवगत आहे.

अण्णा एका तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करीत. १९४८ साली लागले, १९७४ साली निवृत्त झाले. गावात त्यांना कोणी आडनावाने ओळखत नसे, 'फोटोवाले' म्हणत. दिवाळीचा फोटो काढायला सहकुटुंब दवाखान्यात आलेला एक शेतकरी मी स्वतः पाहिला आहे. अण्णांनी त्याला हसून नीट पत्ता सांगून बाजारपेठेत पाठवले होते.

त्यांचे खरे काम मात्र हसण्यासारखे नव्हते. झाडावरून पडलेली, बैलाने ढकललेली, विहिरीच्या रहाटात हात अडकलेली मुले येत. यंत्राखाली मूल स्थिर राहिले नाही तर चित्र बिघडे. आई-बाप घाबरलेले. मग अण्णाच एका हाताने त्या मुलाचे मनगट नाहीतर पाऊल धरून ठेवीत. दवाखान्यात शिसे घातलेल्या रबराचा एक झगा होता, तो ते अंगावर चढवीत. हातमोज्यांचाही एक जोड होता, पण तो इतका ताठर आणि चिरा पडलेला होता की तो घालून लहान मुलाचा पाय धरणे म्हणजे उलथन्याने फूल तोडण्यासारखे. अण्णा तो खुंटीला टांगून ठेवीत. नवा जोड मागितल्याचे ते आईला सांगत. आला नाही, हेही पुढच्या महिन्यात सांगत.

ते कामावर रुजू झाले त्यानंतर काही वर्षांनी हा बिल्ला आला. त्यात फोटोच्या फिल्मचा तुकडा असे. झग्याच्या आत छातीवर तो लावायचा, ठराविक दिवसांनी फिल्म मुंबईला तपासायला जायची आणि तिकडून चिठ्ठी यायची. फिल्म जितकी काळी, तितके किरण अंगावर पडले, असा साधा हिशेब. अण्णांच्या नावाची चिठ्ठी नेहमी चांगली येई. काळजीचे कारण नाही, असा तिचा अर्थ. आई ती चिठ्ठी देवाजवळ कुंकवाच्या करंड्याखाली ठेवी. पुढची आली की जुनी काढी. आमच्या घरात पंचांगानंतर त्या कागदावर जितका विश्वास होता तितका कशावरच नव्हता.

आणि त्याच वर्षांत अण्णांची बोटे वाळत चालली होती. आधी नखे ठिसूळ झाली, त्यांवर उभ्या रेघा आल्या. मग बोटांची कातडी कोरडी, ताणलेली, चकचकीत दिसू लागली. हिवाळ्यात भेगा पडत त्या उन्हाळ्यातही भरत नसत. आई कोकमाचे तेल लावी, साय लावी. भाऊबीजेला आत्या ओवाळीत असे, तेव्हा अण्णा ताटात ओवाळणी उजव्या हाताने पटकन टाकून हात मागे घेत, हे मला लख्ख आठवते. शेवटी उजव्या हाताच्या तर्जनीवरची जखम चिघळली आणि १९६६ साली ते बोट दुसऱ्या पेरापासून काढावे लागले. त्या महिन्यातही चिठ्ठी आली होती. चांगली होती.

हे कोडे मला कितीतरी वर्षे सुटले नव्हते. आईपुरते तिने ते सोडवले होते, "नजर लागली" म्हणून. मला वाटे, मुंबईचे लोक खोटे लिहीत असतील. नातीने एका वाक्यात उलगडा केला. "अगं, चिठ्ठी खरीच होती. बिल्ला झग्याच्या आत होता आणि हात बाहेर. बिल्ल्यानं छातीचं मोजलं. हाताचं कोणी मोजलंच नाही."

एवढे बोलून ती पणत्या पुसू लागली. साठ वर्षांचे कोडे असे पणती पुसता पुसता सुटले, ह्याचा मला थोडा रागच आला.

संध्याकाळी तिने आपल्या पिशवीतून एक चपटी डबी काढली. डबीत पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी होती, बोटभर लांब, वहीच्या कव्हरासारखी लवचिक. तिच्यावर सोन्याच्या अगदी बारीक रेघा होत्या. दोन फण्या एकमेकींच्या दातांत दात घालून ठेवाव्यात तशा. पण एकीचा दात दुसरीला कुठेही न शिकवता. आणि त्यांवर एक निळा डाग. टाकातून शाईचा थेंब पडून वाळावा तसा, कडेने गडद, मध्ये फिकट.

"हा थेंबच आहे," ती म्हणाली. "पदार्थ टोल्युइनमध्ये विरघळवायचा, एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. झालं. ह्याच्यावर क्ष-किरण पडले की ह्या फणीतून त्या फणीत वीज जाते."

"एवढंच? तीन वर्षं हेच करतेस?"

"तीन वर्षं थेंब नीट वाळायला लागली, आजी."

हे मात्र मला पटले. चकलीच्या भाजणीला मला ह्याहून जास्त वर्षे लागली आहेत.

त्या पदार्थाला ते लोक सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. 'सेंद्रिय' हा शब्द हल्ली गुळाच्या ढेपेवर आणि मेथीच्या जुडीवर वाचायची सवय झाल्यामुळे मला आधी वाटले की हे काहीतरी शेणखतावर वाढवलेले असावे. तसे नाही. सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभारलेले, आपल्या देहासारखे. अर्धवाहक म्हणजे तांब्यासारखी वीज सहज जाऊ देणारे नव्हे आणि काचेसारखी अडवणारेही नव्हे. प्रसंग पाहून वागणारे, असे म्हणा.

कार्बनी पदार्थातून वीज जाऊ शकते हेच मुळी फार दिवस कोणी गंभीरपणे घेतले नव्हते. प्लास्टिक हे तारेवर गुंडाळायचे, तारेच्या जागी वापरायचे नव्हे. मग १९६७ साली जपानात हिदेकी शिराकावा ह्यांच्या प्रयोगशाळेत कोणाच्या तरी हातून एक रसायन ठरल्याच्या हजारपट जास्त पडले आणि काळ्या भुकटीऐवजी रुपेरी पापुद्रा तयार झाला. पुढे १९७७ साली शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर ह्यांनी तसल्याच पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली आणि त्याची वीज वाहून नेण्याची शक्ती कोटी पटींनी वाढली. २००० साली त्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाकघरात हजारपट मीठ पडून काही चांगले निघाल्याचे मी अजून पाहिलेले नाही, पण शास्त्रज्ञांचे नशीब निराळे असते.

नातीच्या थेंबातला पदार्थ त्याच कुळातला, पण निराळ्या घरचा. कार्बनच्या षट्‌कोनी कड्यांचे पाच एका ओळीत जोडले की पेंटासीन होते. ते गडद निळे असते, पण हट्टी. कशात विरघळतच नाही. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या जॉन अँथनी ह्यांनी २००१ च्या सुमारास त्याला दोन्ही बाजूंना हातांसारखे दोन गट जोडले. त्यामुळे ते विरघळू लागले आणि वाळताना त्याचे रेणू भिंतीतल्या विटांसारखे एकावर एक सरकवून बसू लागले. ह्या रेणूंत काही इलेक्ट्रॉन कोणा एकाच अणूच्या मालकीचे नसतात. वाड्याचा चौक जसा सर्व बिऱ्हाडांचा, तसे ते साऱ्या कड्यांचे सामाईक. आणि विटा नीट रचल्या असल्या की एका वाड्याच्या चौकातून दुसऱ्या वाड्याच्या चौकात जाता येते.

इथपर्यंत मी मुकाट्याने ऐकले. पुढे मात्र मला एक शंका आली आणि ती शहाणपणाची निघाली, ह्याचा मला अजून अभिमान वाटतो. मी विचारले, "क्ष-किरण माझ्या हातातून आरपार जातात. हा डाग तर कागदाहून पातळ. मग तो त्यांना अडवतो कसा?"

"अडवत नाहीच," ती म्हणाली. "हजारांश मिलिमीटर जाडीच्या थरात दहा हजारांतला एखादा किरण अडला तर अडला."

किरण अडवण्याचे काम जड अणूंचे. शिशाच्या अणूचा क्रमांक ८२, हाडातल्या कॅल्शियमचा २०, कार्बनचा ६, हायड्रोजनचा तर १. क्रमांक वाढला की अडवण्याची ताकद नुसती वाढत नाही, उड्या मारत वाढते. म्हणून तर हाडाची सावली पडते आणि मांसाची पडत नाही. ह्या निळ्या पदार्थाच्या एका रेणूत कार्बनचे ४४ अणू, हायड्रोजनचे ५४ आणि सिलिकॉनचे फक्त २. म्हणजे किरणांच्या वाटेत उभा राहणारा हा पहारेकरी अगदी काडीपैलवान. दहा हजार चोर निघून जातात आणि एखादा त्याच्या अंगावर आपटतो. त्या एकावरून त्याने चोरांची संख्या सांगायची!

तरीही तो सांगतो, आणि ह्यातच सगळी गंमत आहे. २०१६ साली इटलीत बोलोन्या विद्यापीठाच्या लॉरा बासिरिको, बेआत्रिचे फ्राबोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्याच निळ्या थरांवर प्रयोग करून दाखवले. वीज किती लावली? एका व्होल्टपेक्षाही कमी. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. एवढ्याशा विजेवर त्या पातळ थरातून निघालेला प्रवाह अडलेल्या किरणांच्या हिशेबाने यायला हवा होता त्याच्या कितीतरी पट मोठा होता. पदरचे कोणीतरी भर घालीत असल्यासारखा.

ते कसे, हे नातीने मला तीनदा सांगितले. पहिल्यांदा इंग्रजीत, दुसऱ्यांदा अर्धे इंग्रजीत, तिसऱ्यांदा कागदावर काढून. मला समजले ते चौथ्या वेळी, आणि ते तिने नव्हे, आमच्या आप्पाआजोबांनी समजावले. त्यांना जाऊन पंचावन्न वर्षे झाली.

किरण थरात अडला की तेथे जोडीने दोघे जन्माला येतात. एक इलेक्ट्रॉन आणि एक त्याची रिकामी झालेली जागा. शास्त्रज्ञ त्या जागेलाही पाहुण्याचा मान देतात, कारण ती इलेक्ट्रॉनप्रमाणेच चालते, फक्त उलट दिशेने. ह्या निळ्या थरात रिकामी जागा चपळ असते, पण इलेक्ट्रॉन दोन पावले चालतो आणि कुठल्यातरी खड्ड्यात अडकून बसतो. खड्डे म्हणजे विटांच्या रचनेतले दोष. एरवी असा दोष म्हणजे मालाची खोटच. इथे त्याच खोटीने काम साधते.

आप्पाआजोबा पाटावर बसले की दीड-दीड तास जेवत. बत्तीस वेळा घास चावावा असा त्यांचा नियम होता आणि दात तर फार थोडे उरले होते. घरची शिस्त अशी की आप्पा एकटे जेवता कामा नयेत. शेजारच्या पाटावर कोणीतरी हवेच. म्हणून त्यांच्या पंक्तीला बसलेला मुलगा जेवून पलीकडच्या दाराने हात धुवायला गेला की आई अलीकडच्या दारातून दुसऱ्याला आत ढकली. तो उठला की तिसरा. आप्पांचा ताकभात होईतो आम्ही आठ-दहा भावंडे जेवून जात असू. बाहेर बसलेल्या पाहुण्याला वाटे, केवढी ही पंगत! आत बसलेला म्हातारा मात्र एकच.

थरातही अगदी हेच. खड्ड्यात अडकलेला इलेक्ट्रॉन म्हणजे आप्पा. थराला आपली विजेची बरोबरी राखावी लागते. ऋण तिथे बसून आहे तोवर शेजारी एक धन हवेच. पहिली रिकामी जागा धावत एका फणीतून बाहेर पडली की दुसऱ्या फणीतून नवी आत येते. तीही जाते, तिसरी येते. ही वर्दळ म्हणजेच वीजप्रवाह. आप्पा जितका वेळ बसतील आणि मुले जितक्या झटपट जेवतील तितकी पंगत मोठी. एका किरणामागे एकच जोडी जन्मली तरी मोजायला मिळतात कितीतरी जणांच्या खेपा.

"आणि किरण थांबले की?" मी विचारले.

"तरी प्रवाह लगेच थांबत नाही. हळूहळू उतरतो. काही थरांत अर्धा-अर्धा मिनिटसुद्धा लागतो."

"आप्पा अजून उठले नसतील."

नात खो खो हसली आणि म्हणाली, "आजी, हे मी माझ्या प्रबंधात घालू का?" मी परवानगी दिली. मात्र आप्पांचे नाव आदराने लिहावे, अशी अट घातली.

तर असा हा थेंब. उणेपण त्याच्यात पुष्कळ आहे आणि नात ते लपवीत नाही. हवेने, दमटपणाने तो बिघडतो. दोन थेंब एकसारखे वाळत नाहीत. आणि छातीचे किंवा मोडक्या पायाचे स्वच्छ चित्र काढायचे तर किरण भरपूर अडवणारे जड पदार्थच हवेत. ते काम थेंबाचे नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले तेव्हा तिने अण्णांचा बिल्ला उचलून त्याच्या खिडक्या माझ्यापुढे धरल्या.

"हे पत्रे कशासाठी आहेत, माहीत आहे? फिल्ममध्ये चांदी असते. चांदी किरणांना मांसापेक्षा कितीतरी जास्त अडवते. म्हणून फिल्म काळी झाली तरी मांसात किती शिरलं ते सरळ कळत नाही. वेगवेगळ्या पत्र्यांखालचा काळेपणा पाहून, हिशेब करून ते काढावं लागतं. भाषांतर केल्यासारखं. हा निळा थर कार्बन-हायड्रोजनचा. मांस जेवढं घेतं, जवळजवळ त्याच मापात हा घेतो. ह्याला भाषांतर फारसं लागत नाही."

आणि तो वाकतो. सिलिकॉनचा स्फटिक १४१४ अंशांवर वितळवून घडवावा लागतो आणि वाकवला की तुटतो. हा थेंब उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेत प्लास्टिकवर वाळतो आणि प्लास्टिकबरोबर वळतो. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांचे उपचार देताना त्याच्या कातडीवरच असा थर ठेवता येईल, आणि तो स्वतः किरण अडवीत नसल्यामुळे उपचारात लुडबूड करणार नाही, अशी त्या लोकांची उमेद आहे. काडीपैलवान असण्याचा हा फायदा.

मला मात्र रुग्णापेक्षा त्याच्या शेजारी उभे असलेले माणूस दिसत होते.

क्ष-किरणांच्या इतिहासात हात फार आहेत. विल्हेल्म राँटगेन ह्यांना जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे १८९५ सालच्या ८ नोव्हेंबरला हे किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी जे प्रसिद्ध चित्र घेतले ते पत्नीच्या हाताचे. बोटांची हाडे आणि त्यांतल्या एकावर लोंबकळल्यासारखी अंगठी. त्यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे वर्षाच्या आत जगभर यंत्रे झाली, आणि यंत्र नीट चालते आहे का हे पाहण्याची सोपी युक्तीही जगभर पसरली. ती म्हणजे आपला हात मध्ये धरायचा. हाडे स्पष्ट दिसली की यंत्र ठीक. एडिसन ह्यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली असाच हात धरीत. शेवटी दोन्ही हात गेले आणि १९०४ साली तेही गेले. डॅली ह्यांची दशा पाहून एडिसन ह्यांनी ह्या किरणांचे काम सोडून दिले. हॅम्बुर्गला १९३६ साली ह्या कामात बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले, तेव्हा त्याच्यावर १६९ नावे होती.

मात्रेचे पहिले मापही कातडीच होते. किरण किती द्यायचे? कातडी लाल होईल इतके, असे डॉक्टर लिहीत. मोजण्याचे एकक सर्व देशांनी मिळून ठरवले ते १९२८ साली, स्टॉकहोमला. तोपर्यंत, आणि आडगावी त्यानंतरही, मोजपट्टी म्हणजे माणसाचा हात.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. नातीला त्या रात्री सांगितले.

मी दहा वर्षांची होते. दिवाळीची सुटी होती आणि अण्णांना सुटी नव्हती. मी त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर गावाला गेले होते, रुग्ण नव्हता. काळ्या पडद्यांच्या खोलीत अण्णा काहीतरी ठाकठीक करीत होते. यंत्र कसे चालते ते दाखवा, म्हणून मी हट्ट धरला. "माझा हात दाखवा, माझी हाडं दाखवा." अण्णा म्हणाले, "तुझा नाही. तुझा कधीच नाही." मग माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी मला खोलीच्या टोकाला, शिसे लावलेल्या फळीच्या आड, काचेच्या झरोक्याशी उभे केले. अंधार केला. डोळ्यांना सवय व्हायला बराच वेळ लागला. मग पडदा हिरवट-पिवळा उजळला आणि त्यावर अण्णांचा हात आला.

तसे सुंदर मी पुन्हा काही पाहिले नाही. बोटे मिटत होती, उघडत होती. सावलीच्या सावलीसारखे मांस आणि आत ती काळी, रेखीव, पेरापेरांनी हलणारी हाडे. अण्णांनी बोटांचा मोर केला. हाडांचा मोर! मग हरीण केले. पडदा विझला तेव्हा मी ओरडले, "अजून एकदा!"

त्यांनी अजून एकदा दाखवले.

सहा वर्षांनी ते बोट गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला सारे समजत होते. अण्णांनी मला त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. त्यांना तो मोर आठवतही नसेल. १९८१ साली ते गेले, हृदयाच्या झटक्याने, झोपेत. त्या 'अजून एकदा'चा हिशेब करायचा राहिला तो राहिलाच.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, तेवढ्यानं झालं नाही गं. सव्वीस वर्षं रोज तो हात त्या उजेडात होता. तुझे दोन मोर त्यात काहीच नाहीत."

"नक्की?"

तिने लगेच 'हो' म्हटले असते तर मला ते आवडले असते आणि मी त्यावर विश्वास ठेवला नसता. ती म्हणाली, "किती ते सांगता येणार नाही. तिथं कोणी मोजलं नव्हतं. पण थोडं, इतकं नक्की."

मी ह्यावर समाधान मानले आहे. आईच्या करंड्याखालच्या चिठ्ठ्यांपेक्षा ही तोंडी चिठ्ठी मला बरी वाटते.

पुढे फिल्मचे बिल्ले आपल्याकडे राहिले नाहीत. १९७५पासून त्यांच्या जागी तापवल्यावर प्रकाश देणाऱ्या चकत्यांचे बिल्ले आले. बोटात घालायची अंगठीसारखी मापकेही निघाली. अण्णा त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. ही मापके काम झाल्यावर तपासायला जातात आणि काय झाले ते नंतर सांगतात. नातीच्या थेंबाची ऐट अशी की तो तिथल्या तिथे सांगेल. हात उजेडात गेला की त्याच क्षणी. तिची इच्छा आहे की असा थर हातमोज्याच्या बोटांवरच बसवावा, पातळ हातमोज्यावर, ज्यात लहान मुलाचा पाय धरता येईल. हे होईल का, केव्हा होईल, मला ठाऊक नाही. सध्या तिच्यापुढे थेंब एकसारखे वाळवण्याचा प्रश्न आहे.

झोपण्यापूर्वी तिने विचारले, "कोणतं बोट होतं त्यांचं?"

मी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. तिने ती पट्टी माझ्या बोटाभोवती दुसऱ्या पेरापाशी गुंडाळून पाहिली. निळा डाग बरोबर वरच्या बाजूला आला. पट्टीचे टोक थोडे उरले.

"त्यांची बोटं जाड होती का तुझ्यापेक्षा?"

"जाड होती," मी म्हटले. "आधी."

तिने कंपासपेटीतून पेन काढून पट्टीच्या टोकाशी एक बारीक खूण केली आणि ती पुन्हा डबीत ठेवली. सोमवारी तिला ती प्रयोगशाळेत परत न्यायची होती. बिल्ला मी पुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि डबा ह्या खेपेला माळ्यावर न चढवता कपाटात ठेवला.